जळका माळ आणि मी गाळलेलं वाक्य

मी पुण्यात जर्मन शिकवते. कागदावरची भाषांतरं पुष्कळ केली होती, पण दोन माणसांच्या मध्ये उभं राहून इकडचं तिकडे सांगण्याचं काम तोवर एकदाच, एका यंत्रांच्या कारखान्यात केलं होतं. तिथे माझी चूक झाली असती तर फार तर एखादा भाग उलटा बसला असता. त्यामुळे मुरबाड-शहापूर भागात तीन दिवस दुभाषी म्हणून याल का, असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या दोन तालुक्यांतल्या उजाड माळांवर झाडं लावण्यासाठी जर्मन सरकारचा पैसा येत होता आणि एक स्थानिक संस्था चार वर्षं ते काम करत होती. पहिला टप्पा संपला होता. काम कसं झालं ते पाहायला तिकडून एक बाई येणार होत्या, आणि त्यांच्या अहवालावर दुसरा टप्पा ठरणार होता. मला एवढंच सांगण्यात आलं.

माळशेज उतरून मुरबाड

मार्चचा पहिला आठवडा. एसटी आळेफाट्यावरून माळशेजला लागली. पावसाळ्यात जिथे धबधबे असतात तिथे कातळावर नुसते काळे ओघळ उरले होते. घाट उतरून वैशाखरे आलं आणि हवाच बदलली. पुण्याची कोरडी सकाळ मागे राहिली, पाठीला ब्लाउज चिकटायला लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलले होते. आमच्याकडे लोक पळस बघायला मुद्दाम गाडी काढून जातात. इथे एक बाई फुललेल्या पळसाखाली गोवऱ्या थापत होती आणि तिने एकदाही वर बघितलं नाही.

मुरबाडच्या स्टँडवर मला न्यायला काशिनाथ आला होता. तो संस्थेचा कार्यकर्ता, सरळगावच्या बाजूचा, तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. माझी पिशवी हातातून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, गाडीत बसायच्या आधी एक सांगतो. दुसऱ्या टप्प्यात वैशाखऱ्याकडच्या वाडीची विहीर आहे. पाइपानं पाणी वर न्यायचं. झाडं त्यांच्यासाठी, विहीर आमच्यासाठी, असं समजा. जरा सांभाळून बोला."

"मी बोलणार नाही. तुम्ही जे बोलाल तेच सांगणार," मी म्हणाले.

"तेच म्हणतो मी," तो हसून म्हणाला. पण गाडीपर्यंत जाताना त्याने तीनदा रुमालाने मान पुसली.

जीपमध्ये केलरबाई बसल्या होत्या. पंचावन्नच्या असतील, केस आखूड कापलेले, वनशास्त्र शिकलेल्या. मांडीवर नकाशा, गळ्यात शिंप्याच्या टेपसारखी एक टेप. माझ्याशी हात मिळवून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "लोक जे म्हणतील ते पूर्ण सांगा. सुधारून सांगू नका." मी मान हलवली. कारखान्यातही मला हेच सांगितलं होतं.

आटगाव

पहिली दुपार आटगावच्या बाजूला गेली. तिथली रोपवाटिका नेटकी होती, ओघळांवर घातलेले दगडी बांध शाबूत होते. केलरबाईंनी दगड हलवून पाहिले, रोपांच्या पिशव्या उचलून मुळं पाहिली आणि वहीत लिहीत राहिल्या. काशिनाथचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

परतताना उंचवट्यावरून धरणाचं पाणी दिसलं, लांबच लांब पसरलेलं निळं. हे कुणाचं, त्यांनी विचारलं. मुंबईचं, काशिनाथ म्हणाला. मग इथल्या गावांना? "टँकर. एप्रिलपासून." मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, भाषांतरात माझी चूक तर होत नाही ना. मीही काशिनाथला पुन्हा विचारलं. चूक होत नव्हती.

थोडं पुढे शेतांमधून धुराच्या रेघा उठत होत्या. भाताची रोपं टाकायच्या आधी इथे जमिनीच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून ते पेटवतात. त्याला राब म्हणतात. मला ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे शेतात कोणी काही पेटवलं तर शेजारी भांडायला येतो. काशिनाथने समजावलं, मी भाषांतर केलं. केलरबाई म्हणाल्या, "म्हणजे मार्च ते मे सगळीकडे विस्तव असतो." त्यांनी वहीत एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. काशिनाथने त्या रेघा पाहिल्या. मुरबाड येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल.

वैशाखऱ्याच्या पुढे

दुसऱ्या दिवशी आम्ही वैशाखऱ्याकडे निघालो. डांबरी रस्ता सोडून मातीच्या वाटेने डोंगराच्या पायथ्याला गेलो. आत कुठेतरी वाडी होती, पण काशिनाथने जीप अलीकडेच, एका हिरव्या टेकडीखाली उभी केली. वाडीतल्या बायका आधीच तिथे येऊन बसल्या होत्या, दहाबारा जणी. मोहाचा हंगाम होता. पहाटे फुलं वेचून त्या तशाच आल्या होत्या, टोपल्या शेजारी. सगळीकडे गोडसर, आंबूस वास.

टेकडीवर झाडं दाट होती. केलरबाई वर चढल्या, खोडांना टेप लावून मापं घेतली, खाली आल्या आणि दगडावर बसून म्हणाल्या की आता त्यांना बायकांशी बोलायचं आहे. त्यांनी सावकाश समजावलं. आमच्या देशात कारखाने, गाड्या फार. त्यांच्या धुराने साऱ्या जगाची हवा तापते आहे. झाडं तो धूर आत घेतात. म्हणून आमचं सरकार इथल्या झाडांसाठी पैसा देतं.

मी सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यात आंबीबाई म्हणून एक होती, चाळिशीची, काटक. तिने विचारलं, "म्हंजे त्यांच्या गावचा धूर आमच्या झाडांनी खायचा?"

"हो, तसंच."

"खाऊ दे. आमचं काय जात नाय. पर पानी कुठं हाय?"

मी हे जसंच्या तसं सांगितलं. केलरबाई हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. वातावरण मोकळं झालं. मलाही बरं वाटलं, काम जमतंय असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी मागच्या टेकडीकडे हात करून विचारलं, "या झाडांची राखण कोण करतं?"

मी विचारलं. एकीने काशिनाथकडे पाहिलं. मग आंबीबाई शांतपणे म्हणाली, "ह्यो आमचा माळ नाय, बाय. ह्यो सरकारी. आमचा त्या वळणापल्याड. गेल्या साली इस्तवानं खाल्ला त्यो."

काशिनाथ माझ्या शेजारी उभा होता. तो हलक्या आवाजात, समोर बघत म्हणाला, "मॅडम, त्यांची बोली वेगळी आहे. तुम्हाला नीट कळलं नसेल."

मला नीट कळलं होतं. इस्तू म्हणजे विस्तव हे मला माझ्या गावाकडच्या आजोळामुळे माहीत होतं. आणि 'आमचा नाय' न कळायला काय होतं? केलरबाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या. मी जर्मनमध्ये म्हणाले, "त्या म्हणतात, सगळ्या मिळून राखण करतात."

त्यांनी लिहिलं. आंबीबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला जर्मन येत नव्हती, पण तिचं एवढं लांब बोलणं माझ्या तोंडून एवढंसं होऊन बाहेर पडलं, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने टोपली उचलली आणि डोक्यावर घेतली.

काशिनाथच्या घरी

संध्याकाळी जेवण काशिनाथकडे होतं. त्याची बायको मंदा सकाळपासून राबत होती. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, सुक्या जवळ्याची चटणी. केलरबाईंनी चटणीचा पहिलाच घास मोठा घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ताट संपवलं. मंदाला त्याचं फार कौतुक वाटलं.

हात धुताना मंदा माझ्याजवळ आली. "आवडलं ना त्यांना? माळ आवडला?"

"चटणी फार आवडली," मी म्हणाले.

"बाई येणार कळल्यापासून, चार महिने झाले, ह्यांना झोप नाय. पुढचं मंजूर झालं की बरं होईल," ती म्हणाली. तिला सगळं माहीत होतं की काहीच माहीत नव्हतं, मला ओळखता आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

लॉजवर आल्यावर मी ते वाक्य जर्मनमध्ये मनातल्या मनात जुळवत बसले. 'हा आमचा माळ नाही.' विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात शिकवते इतकं सोपं वाक्य. दर वेळी ते जुळायचं, आणि मग मंदा दिसायची. वाक्य सांगितलं तर वाडीची विहीर जाईल. नाही सांगितलं तर खोट्या माळावर खरी विहीर येईल, त्यात वाईट ते काय? असंही मी स्वतःला समजावून पाहिलं. पण आंबीबाई तर पाण्याचं विचारून मग ते बोलली होती. विहीर कशाने जाऊ शकते हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी ती बोलली होती.

जळका माळ

सकाळी केलरबाई तयार होईपर्यंत मी काशिनाथला समोरच्या हॉटेलात गाठलं. चहा पुढे तसाच ठेवून तो बसला होता.

"काशिनाथ, मी ते आज सांगणार आहे. तुम्ही सांगितलंत तर मी तुमचं भाषांतर करेन. नाही सांगितलंत तर माझं मी सांगेन."

त्याने कप बाजूला सारला. "आजचा दिवस जाऊ द्या, मॅडम. बाई उद्या जातील. मग मी स्वतः लिहून कळवतो."

"आग लागली तेव्हा का नाही कळवलं?"

"कळवलं. आमचे साहेब म्हणाले, टप्पा संपेपर्यंत गप्प राहा. आता हे आलंय माझ्या अंगावर." मग तो एकदम आवाज चढवून म्हणाला, "तुमचं काय, तुमी पुण्याला जाल. मी हितं राहतो."

हे खरं होतं. मी म्हटलं, "वैशाखरे येईपर्यंत विचार करा," आणि ते धमकीसारखं वाटलं म्हणून चहाचे पैसे द्यायला उठले.

जीप निघाली. काशिनाथ पुढे, आम्ही दोघी मागे. टोकावडे गेलं. वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे काशिनाथने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "थांबव रे." गाडी थांबली. तो मागे वळला, पण केलरबाईंकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला.

"सांगा त्यांना. काल दाखवला तो माळ आमचा नव्हता. आमचा जळला. मी खोटं दाखवलं."

दुभाष्याने बोलणाऱ्याच्याच तोंडून बोलायचं असतं. 'तो म्हणाला' असं म्हणायचं नसतं. 'मी' असं म्हणायचं असतं. म्हणून मी केलरबाईंच्या डोळ्यांत बघून जर्मनमध्ये म्हणाले, "मी खोटं दाखवलं." ते म्हणताना माझा आवाज फाटला, कारण ते काशिनाथइतकंच माझ्याबद्दलही खरं होतं. मग मी पुढे सांगितलं, "आता हे मी माझ्याकडून बोलते आहे. काल त्या बाईने तुम्हाला हेच सांगितलं होतं. मी ते गाळलं."

केलरबाईंनी वही उघडून कालचं पान काढलं. खोडांच्या मापांशेजारी प्रश्नचिन्हं होती. "चार वर्षांच्या झाडांची खोडं इतकी जाड नसतात," त्या म्हणाल्या. "मी आज दुपारपर्यंत थांबणार होते. कोणी सांगतं का ते बघणार होते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "तुमचा माळ कुठे आहे?"

वाडीतून आंबीबाईला आणि आणखी बायकांना बरोबर घेऊन आम्ही वळणापल्याड चढलो. अर्धा डोंगर काळा होता. वर्षभराचा पाऊस पडूनही दगडांवरची काजळी पुरती गेली नव्हती. झाडांच्या जागी कोळसा झालेले खुंट. वरच्या अंगाला मात्र एक हिरवा पट्टा होता, जणू कोणी रेघ ओढून आगीला तिथे थांबवलं होतं.

थांबवलंच होतं. आंबीबाईने दाखवलं. "पुरुष मानसं समदी कामाला गेल्याली. आमी बायाच व्हतो. पानी कुठं? हिरव्या फांद्या तोडल्या नं झोडपत सुटलो. हितपावत आला, मंग दमला त्यो." तिने डावा हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत आणि फिकी झाली होती. "कोनी इच्यारलंच नाय. जळला ह्येच आमाला लपवाया सांगितलं. मंग इझवला त्ये कोनाला सांगनार?"

मी शब्दन् शब्द सांगितला. मध्ये दोनदा थांबून तिला विचारलं, बरोबर सांगते ना, काय राहिलं नाही ना. काशिनाथ थोडा लांब, एका दगडावर पाठ करून बसला होता.

केलरबाई गुडघ्यांवर बसल्या. जळक्या खुंटांच्या बुडातून शिवणीला, ऐनाला तांबूस फुटवे आले होते, वीतभर, हातभर. त्यांनी टेपने फुटवे मोजायला सुरुवात केली. मग आग विझवणाऱ्या बायकांची नावं विचारली. आंबीबाईने एकेकीला पुढे केलं, मी नाव उच्चारलं, त्यांनी लिहिलं. उतरताना आंबीबाई माझ्या शेजारून चालत होती.

"इहीर गेली ना आता, बाय?"

मी विचारलं. केलरबाई म्हणाल्या, "मला माहीत नाही."

"येवढंच म्हनली?"

"एवढंच."

तिने मान डोलावली. उत्तर तिला आवडलं नव्हतं, पण ते पूर्ण आहे याची तिला खात्री पटली असावी. खाली वाडीत तिने आम्हाला कोरा चहा दिला आणि तव्यावर भाजलेली मोहाची फुलं. पाण्यासाठी तिची मुलगी ओढ्यातल्या झऱ्यावर गेली, ती अर्ध्या तासाने आली. तो चहा घोटाघोटाने पिताना मी जशी ओशाळले, तशी पुण्यात कुणाच्या घरी चहा पिताना कधी ओशाळले नव्हते.

दिवाळीनंतर

त्यानंतर सात-आठ महिने मला काही कळलं नाही. फोन वाजला की मुरबाडचा असेल असं वाटायचं. दिवाळीनंतर केलरबाईंचा अहवाल टपालाने आला, त्यातला वाडीविषयीचा भाग मराठीत करून लोकांना वाचून दाखवावा, अशी विनंती. मी आधी निकालाचं पान उघडलं. संस्थेकडचं काम काढून घेतलं होतं. नवी झाडं लावणं थांबवलं होतं. आहेत ते फुटवे राखायचे, आगीला अडवायला माळाभोवती पट्टा साफ ठेवायचा आणि त्याची मजुरी वाडीतल्या बायकांना द्यायची, असं होतं. आणि विहीर मंजूर होती. तीही पुढच्या उन्हाळ्याच्या आत.

मी पुन्हा माळशेज उतरले. मुरबाडला काशिनाथ भेटला. मीच त्याला निरोप पाठवला होता, येईल असं वाटलं नव्हतं. त्याची नोकरी गेली होती. सरळगावला खतांच्या दुकानात तो बसत होता. आम्ही स्टँडवर उभ्याउभ्या बोललो.

"मंदा कशी आहे?"

"बरी आहे. झोप येते आता मला. ती म्हणते, घोरता." तो थोडा हसला. मग म्हणाला, "तुमी केलं ते बरोबर होतं, मॅडम. पण मला अजून तुमचा राग येतो."

"येणारच," मी म्हणाले. त्याला वाडीपर्यंत चला म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला, पण वैशाखऱ्याच्या गाडीत मला बसवून, गाडी सुटेपर्यंत तिथेच थांबला.

वाडीत आंबीबाईच्या अंगणात सगळ्या जमल्या. मी वाचायला लागले. विहिरीचं वाक्य आलं तेव्हा कुजबुज झाली, एकीने विचारलं, "लिवलंय त्यात? खरंच?" मी बोट ठेवून दाखवलं. मग शेवटचा परिच्छेद होता. माळाचा वरचा भाग पुढील स्त्रियांनी कोणत्याही साधनाशिवाय वाचवला, असं म्हणून खाली अकरा नावं होती. मी सावकाश वाचली. ज्या बाईचं नाव येई ती पदर सारखा करी.

वाचून झालं. आंबीबाई बोटांवर मोजत होती. "बुधी राह्यली," ती म्हणाली.

"बुधी कोण?"

तिने दाराकडे बघितलं. आतल्या अंधारात एक म्हातारी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. "माझी सासू. पैली फांदी तिनंच मारली. पाय भाजला तवापासनं चालवत नाय तिला, म्हनून त्या दिशी माळावर नव्हती आली. तुमच्या बायनं पायलीच नाय तिला."

मी पेन काढलं. अकराव्या नावाखाली जागा थोडी होती. आधी रोमन अक्षरांत लिहिलं, मग खाली मराठीत. आंबीबाईने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने ओल्या शाईकडे नीट निरखून पाहिलं आणि तो मला परत दिला.

"आता परत वाचा," ती म्हणाली. "पैल्यापासनं. नि जरा मोठ्यानं, तिला कमी ऐकू येतं."